जूनच्या आत आवरायचं कपाट : काय ठेवू, कुठे ठेवू, कुणाला देऊ?

मेघना_गावभाग

नमस्कार मंडळी,

सांगलीत गावभागात आमचं जुनं घर आहे. तळमजला आणि वर एक खोली. घरात आत्या (सासूबाई), आम्ही दोघं आणि दोन मुलं. मे महिना आहे म्हणून कपाटं आवरायला घेतली आणि मध्येच अडले आहे.

कपाटं तीन. आत्यांचं लोखंडी, भिंतीतलं कडप्प्याच्या फळ्यांचं, आणि आमच्या लग्नात केलेलं प्लायवूडचं. २०१९ च्या पुरात घरात पाणी शिरलं तेव्हा प्लायवूडचं कपाट खालून फुगलं, तो भाग नंतर कापून काढला. तेव्हा खालचं सगळं सामान वर गेलं ते तिथेच राहिलं. आता एकाही कप्प्यात हात शिरत नाही. आत्यांची नऊवारी लुगडी, लग्नातला शालू, इरकली, मामंजींची धोतरं आणि कोट, मुलांची झबली, आहेरात आलेली आणि घडीही न मोडलेली पातळं, ब्लाउजपीसचा गठ्ठा, घोंगडं, शाली. आणि या सगळ्याच्या मधेमधे पिशव्यांत कोंबलेले कागद.

वन्संचं म्हणणं, बोहारणीला बोलव आणि एका दुपारी मोकळी हो. आत्यांचं म्हणणं, माझ्या हयातीत यातलं काही बाहेर जाणार नाही. मला दोन्ही पटत नाही. कपाट आत्यांचं आहे, त्यांना दुखवून एक चिंधीसुद्धा काढायची नाही. पण पाणी चढायला लागलं तर या गर्दीतून काय उचलायचं हे कुणालाही सुचणार नाही. तुमच्याकडे कसं केलंत ते सविस्तर लिहा.

नीटनेटकी

मेघना, मी पुण्यात दोन खोल्यांत राहते, म्हणून हे बरंच करून झालंय. सगळं कपाट पलंगावर रिकामं करायचं. वर्षभरात जे अंगाला लागलं नाही ते द्यायच्या ढिगात. एक नवीन आलं की एक जुनं बाहेर. कठोर वाटतं, पण कपाटाला जागेची मर्यादा असते आणि ती आपण मानली नाही तर घर कपड्यांचंच होतं.

कृष्णाकाठ

नीटनेटकी, रोजच्या ड्रेस-टीशर्टला तुमचा नियम चालेल. शालूला कसा चालेल? तो वर्षभरात एकदाही नेसला जात नाही, तरी घरातली सगळ्यात जपायची वस्तू तीच. घोंगडंही तसंच. वापरावर निवड केली तर नेमकं तेच बाहेर जाईल जे परत मिळणार नाही.

आणि मेघना, सगळं एकदम पलंगावर काढू नकोस. म्हाताऱ्या माणसाला आपला सगळा संसार असा उघड्यावर पडलेला बघवत नाही. मग "राहू दे सगळं, आहे तसं ठेव" इथेच विषय संपतो. एक कप्पा काढ, तो पुरता लाव, दार बंद कर. दुसरा दुसऱ्या दिवशी.

मी मारुती चौकाजवळ राहते, त्यामुळे तुझी अडचण मला नीट कळते. आपल्याकडे कपाट लावताना पहिला विचार उंचीचा करावा लागतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी. २०१९ ला पाणी ५७ फुटांपर्यंत गेलं होतं. घरात त्या वर्षीची रेघ कुठे होती ते आठव, भिंतीवर अजून डाग असेलच. कपाटाच्या दाराला आतून त्या उंचीवर खडूने खूण कर. खुणेच्या खाली फक्त भिजलं तरी धुऊन वापरता येईल असंच ठेवायचं: सुती चादरी, टॉवेल, रोजचे कपडे, स्टीलची भांडी. रेशीम, लोकर, फोटो, कागद खुणेच्या वर. रेघ कपाटाच्या डोक्यावरून जात असेल तर या वस्तूंना या कपाटात जागाच नाही, त्या वरच्या खोलीत न्यायच्या.

यात एक सोयही आहे. आत्यांना रोज लागणारी लुगडी कमरेपासून डोळ्यांपर्यंतच्या उंचीत आली पाहिजेत, वाकायला नको आणि स्टुलावर चढायला तर मुळीच नको. रोजची लुगडी सुतीच असतात, म्हणजे ती खुणेखाली राहिली तरी बिघडत नाही. जड सामान तळाला ठेवलं की लोखंडी कपाट डगमगतही नाही.

पाणी आपल्याकडे एकाएकी उंबऱ्यावर येत नाही. कोयना धरणातून विसर्ग वाढला की बातमी येते, पुलाची पातळी तासातासाला कळत असते. वेळ मिळतो. तो कपाट उपसण्यात जाऊ नये इतकीच आवरण्यातली खरी गरज. एक पिशवी कायमची भरून ठेव: कागद, दागिन्यांची डबी, आत्यांची औषधांची चिठ्ठी, चष्म्याची जादा जोडी, प्रत्येकाचा एक जोड कपडे, टॉर्च. ती कुठे आहे हे मुलांनाही माहीत हवं.

शाहूपुरी_सातारा

वाचतेय. आमच्याकडे साताऱ्यात घरात पूर येत नाही, पण पावसाळाभर भिंतींना ओल असते आणि ती कपाटात उतरते. म्हणून रेशमाबद्दल लिहिते.

शालू, पैठणी, इरकल यांना प्लॅस्टिकची पिशवी नको. आत दमट हवा कोंडते आणि बुरशीचे ठिपके पडतात. मांजरपाट आणून आधी धुऊन त्यातली खळ काढायची आणि त्यात गुंडाळायचं. घडी वर्षानुवर्षं तीच राहिली की रेशीम घडीवरच विरतं, म्हणून दोन-तीन महिन्यांनी घड्या बदलायच्या. जड जरीची साडी हँगरला लटकवू नका, जरीच्या वजनाने कापड ताणतं, शिवाय लोखंडी हँगरचा गंज उतरतो. उन्हं दाखवायची ती घोंगड्याला आणि गाद्यांना. रेशीम सावलीत, वाऱ्यावर.

सुती लुगडी खळ घालून ठेवायची नाहीत. खळीवर कसर येते. वर्षभर ठेवायची असतील तर नुसती धुऊन कडक वाळवायची.

वास आणि किड्यांसाठी आमच्या घरात वेखंडाचे तुकडे आणि कडुलिंबाचा वाळवलेला पाला, दोन्ही पुरचुंडीत बांधून. कापडाला थेट टेकवायचं नाही आणि वास गेला की बदलायचं.

सई_विश्रामबाग

छान धागा, +१. एक शंका. डांबरगोळ्यांचं काय? आई वर्षानुवर्षं वापरत आली आहे. माझ्या बाळाची झबली आणि दुपटी आजीच्या कपाटातूनच येणार आहेत.

डॉ_अनघा_कराड

सई, बाळाच्या कपड्यांत डांबरगोळी अजिबात नको. मी बालरोगतज्ज्ञ आहे, म्हणून हे स्पष्ट लिहिते. या गोळ्यांतलं नॅफ्थलीन साध्या हवेतच उडून वाफ होतं आणि कापडात मुरतं. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं विकर जन्मतः कमी असतं. अशा बाळाला त्या कपड्यांत गुंडाळलं तर तांबड्या पेशी फुटून कावीळ वाढू शकते. बाळाला ही कमतरता आहे की नाही हे तपासल्याशिवाय कळत नाही, म्हणून सरसकट टाळणं बरं. गोळ्यांत ठेवलेले कपडे बाळासाठी वापरूच नयेत, नुसत्या एका धुण्यावर विसंबू नये.

दुसरं, पांढरी गोळी लहान मुलांना गोळी-बिस्किटासारखी दिसते. रांगतं मूल असलेल्या घरात खालच्या कप्प्यात ती ठेवायची नाही. वेखंड-कडुलिंबाच्या पुरचुंड्याही मुलांच्या हाती लागणार नाहीत अशाच ठेवा.

शाहूपुरी_सातारा

धन्यवाद डॉक्टर. डांबरगोळी जरीला टेकली तर जरही काळवंडते. आणि रबरबँडबद्दल सांगायचं राहिलं. रबरात गंधक असतं, त्याने चांदी काळी पडते. साडीच्या पुडक्याला किंवा चांदीच्या वाट्यांना रबर लावू नका, सुती नाडी बांधा.

मेघना_गावभाग

खूप मनापासून धन्यवाद. खडूची खूण केली. रेघ वरून दुसऱ्या कप्प्याच्या थोडी खाली येते, म्हणजे जपायच्या वस्तूंसाठी दोनच कप्पे खरे सुरक्षित.

कागदांची पिशवी उघडली. सातबारा, वीजबिलं, मामंजींच्या नोकरीचे कागद, घराचं खरेदीखत, आणि तळाशी एक पिवळं पडलेलं भेंडोळं, ते मोडी लिपीत आहे. घरात कुणाला वाचता येत नाही. काही कागद २०१९ ला भिजून एकमेकांना चिकटलेत. वन्सं म्हणाल्या रद्दीत घाल. मी हात लावलेला नाही.

दप्तर_वाचक

मेघनाताई, रद्दीत नका घालू. एकही कागद नाही.

मी मोडी वाचतो, म्हणून काय करायचं ते सांगतो. भेंडोळं जबरदस्तीने उलगडू नका, पिवळा कागद वळवला की मोडतो. टाचण्या आणि पिना गंजलेल्या असतील तर हळूच काढा, कागद त्यांच्याभोवतीच आधी जातो. लॅमिनेशन कधीही करू नका. गरम प्लॅस्टिक एकदा चिकटलं की परत निघत नाही आणि आतला कागद कायमचा अडकतो. सेलोटेपही नको. सुती कापडात गुंडाळून सरळ पेटीत, वरच्या खोलीत. मोबाईलने खिडकीच्या उजेडात प्रत्येक पानाचे फोटो घ्या, फ्लॅश नको. वाचून घेण्यासाठी फोटो पुरतात, मूळ कागद कुणाच्या हाती द्यायची गरज नसते. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून याच कामात आहे, मोडी शिकलेली माणसं आता साताऱ्या-सांगलीतही भेटतात. बहुतेक वेळा असे कागद वाटणीचे, कर्जाचे किंवा जमिनीचे निघतात. घराण्याला ते लाखमोलाचे.

चिकटलेले कागद कोरडेच असतील तर ओढून सोडवू नका, जाणकाराला दाखवेपर्यंत तसेच ठेवा. पुढे कधी कागद ओले झाले तर उन्हात टाकू नका. टिपकागदाच्या किंवा साध्या कोऱ्या कागदाच्या थरांत ठेवून पंख्याखाली वाळवा. खूप असतील आणि एका दिवसात हाताळणं शक्य नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. बुरशी तिथेच थांबते, नंतर थोडे थोडे काढून वाळवता येतात. ग्रंथालयंही ओल्या पुस्तकांना असंच वाचवतात.

बाकीच्या कागदांत निवड करायला हरकत नाही. सातबारा आता सरकारच्या महाभूमी संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा मिळतो, त्याच्या जुन्या झेरॉक्सचा गठ्ठा ठेवायची गरज नाही. आधार, गुणपत्रिका डिजिलॉकरवर येतात. पण खरेदीखत, वाटणीपत्र, मृत्युपत्र यांच्या मूळ प्रती, आणि मामंजींच्या निवृत्तिवेतनाचे कागद आत्यांना लागतात तोवर, हे सगळं जपून ठेवायचं. जुनी वीजबिलं रद्दीत गेली तरी चालतील, त्याआधी शेवटचं एक ठेवा, ग्राहक क्रमांकासाठी.

तासगावची_लेक

कागदांचं झालं, आता लुगड्यांचं मी लिहिते. मेघना, मामंजींची धोतरं आणि आत्यांची विरलेली नऊवारी बोहारणीला देऊ नकोस आणि कपाटातही ठेवू नकोस. वाकळ शिवून घे.

आमच्या गावाकडे अजून शिवतात. उन्हाळ्यात, शेतातली कामं उरकली की, दोघी-तिघी जणी ओसरीवर बसतात. नऊवारी लुगडं खाली, दुसरं वर, आणि मध्ये धोतरं, जुन्या चादरी, फाटकी पातळं, जे सुती असेल ते पसरून. वर-खालचं कापड चांगलं धडधाकट हवं, मधलं कसंही विरलेलं चालतं. आधी मोठे टाके घालून थर जागेवर धरायचे, मग कडेपासून धावदोरा सुरू करून चौकोनी फेर घेत आत आत यायचं. टाका जितका जवळ तितकी वाकळ टिकते. लुगड्याचे काठ वेगळे काढून भोवतीने लावले की देखणी दिसते. नायलॉन, पॉलिस्टर घालायचं नाही. ते आत सरकतं, गोळा होतं आणि अंगाला घाम येतो.

ज्या लुगड्याचं सूत धुऊन धुऊन मऊ झालंय ते मात्र वाकळीत घालू नकोस, त्याची दुपटी कर. सई, तुझ्या बाळाला बाजारातलं कुठलंही कापड तितकं मऊ मिळणार नाही.

आत्यांना मुळात काही टाकायचं नाही ना? मग हे त्यांना आवडेल. कपाटातून बाहेर जाईल, पण घरातून जाणार नाही. नातवंडं तीच पांघरून झोपतील.

नीटनेटकी

हे फार आवडलं. माझ्या नियमात ही जागाच नव्हती. वाकळ शिवून देणाऱ्या बायका पैसे घेऊन काम करतात का? मला आईच्या साड्यांची करून घ्यायची आहे.

तासगावची_लेक

करतात. कापड आपलं, दोरा आपला किंवा त्यांचा, मजुरी आकार आणि टाक्याप्रमाणे ठरते. घासाघीस करू नका. एका वाकळीवर कित्येक दिवस मान मोडून बसावं लागतं.

मिरजकर_एस

देण्याच्या ढिगाबद्दल मला कळकळीने काही सांगायचंय. २०१९ च्या पुरानंतर मी मदतीच्या कामात होतो. बाहेरून गाड्या भरभरून जुने कपडे आले. मनापासून पाठवलेले होते, पण फाटके, न धुतलेले, बटणं तुटलेले, थंडीचे कोट, पार्टीचे ड्रेस. ज्या बाईचं घर चिखलात होतं तिला कोरडं लुगडं, परकर, आतले नवे कपडे आणि चादर हवी होती. ढीग निवडायलाच माणसं लागली, आणि बरंचसं तसंच पडून राहिलं. ज्यांना मदत हवी त्यांनी ती उचलावी आणि आपण मोकळं व्हावं, असं देणं नको. ज्याला देणार त्याला आधी विचारा. धुऊन, बटण लावून, इस्त्री करून, हातात द्या. आहेरातली कोरी पातळं अशीच द्यावीत, ती खरंच कुणीतरी नेसेल.

बोहारणीलाही द्या, त्यात कमीपणा नाही. ती ते कपडे निवडते, शिवते, धुते आणि बाजारात विकते. भर उन्हात डोक्यावर भांडी घेऊन फिरते. तिला चांगले, धुतलेले कपडे द्या आणि पातेल्यासाठी तासभर वाद घालू नका.

कृष्णाकाठ

मिरजकर, शब्द न् शब्द पटला.

मेघना, जरीच्या साड्यांबाबत सावध राहा. "जुनी जर घेतो" म्हणून दारावर माणसं येतात. खरी जर म्हणजे चांदीची तार, वर सोन्याचं पाणी. साडी जाळून चांदी काढतात आणि वजनावर पैसे देतात. हल्लीच्या बहुतेक साड्यांत तांब्याची किंवा प्लॅस्टिकची जर असते, पण आत्यांच्या लग्नातल्या शालूची खरी असण्याची शक्यता मोठी. द्यायचाच झाला तर सराफाकडे जर तपासून, भाव कळल्यावर. माझं मत विचारशील तर देऊच नकोस. कापड विरलं असेल तरी काठ-पदर शाबूत असतात, ते नव्या रेशमी कापडाला जोडून देणारे कारागीर आहेत.

सुतारकाम_कुपवाड

कपाटाविषयी दोन शब्द. प्लायवूडचं नवीन करताना साधं कमर्शियल घेऊ नका, ते आयएस ३०३ चं असतं. पाण्याची भीती असेल तिथे आयएस ७१० चं मरीन प्लाय मागा, शिक्का फळीवर असतो. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ तर नकोच, पाणी प्यायलं की फुगून भुसा होतो. दार फुगलं की उघडतही नाही आणि आतलं आतच राहतं. कडप्प्याची फळी सगळ्यात भरवशाची, ना वाळवी ना फुगणं, मात्र पावसाळ्यात ती गार पडून दमट होते, म्हणून वर कोरडं कापड अंथरायचं, वर्तमानपत्र नाही. कागद ओल धरतो आणि वाळवीला बोलावतो. कुठलंही कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा. लोखंडी कपाट तळाशी गंजलं असेल तर घासून रेड ऑक्साइड मारा, वाळल्यावर रंग.

मेघना_गावभाग

मंडळी, निम्मं आवरून झालं, म्हणून सांगायला आले.

आत्यांना "हे हवं का?" असं विचारलं की उत्तर "हो" असतं. मग मी "हे कुणाचं करायचं?" असं विचारायला लागले आणि सगळं बदललं. एकेक वस्तू हातात घेऊन त्या स्वतःच सांगत गेल्या. शालू वन्संच्या लेकीला, तिच्या लग्नात काठ-पदर जोडून. इरकली एक मला, एक वन्संना. कोऱ्या पातळांतली चार आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या मावशींना, त्यांच्याकडे लग्न आहे, आत्यांनीच त्यांना बोलावून ओटी भरून दिली. ब्लाउजपीस निवडून धाकट्या जावेला, ती शिवते. धोतरं आणि सात-आठ लुगडी वाकळीसाठी तासगावला जाणार. वाकळी दोन होतील, दोन्ही नातवंडांच्या नावाने, हेही त्यांनीच ठरवलं. बोहारणीसाठी मुलांचे शाळेचे जुने कपडे आणि आमचे दोघांचे निघाले, आत्यांचं काहीच नाही.

मामंजींचा कोट कुणाचाच करायचा नाही म्हणाल्या. तो ठेवलाय, वरच्या दोन कप्प्यांतल्या एकात, मांजरपाटात. त्याच्यासाठी माझ्या दोन साड्या खाली आल्या आणि त्यात मला काही वाटलं नाही.

कागद पत्र्याच्या पेटीत घालून वरच्या खोलीत नेलेत. मोडीच्या भेंडोळ्याचे फोटो घेतलेत, दप्तर_वाचक, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

एक शेवटची शंका. प्लायवूडच्या कपाटाचा खालचा भाग कापल्यापासून तिथे दीड फूट मोकळी जागा आहे. मुलगा म्हणतो चाकांचे प्लॅस्टिकचे डबे घेऊन त्यात हिवाळ्याचे कपडे ठेवू. ठेवावेत का?

दप्तर_वाचक

व्यनि मिळाला. पहिलं पान वाटणीपत्राचं दिसतंय, सावकाश वाचून कळवतो.

सुतारकाम_कुपवाड

डबे नका ठेवू. घट्ट झाकणाचा डबा पाण्यावर तरंगतो आणि वरच्या फळीला खालून धक्के देतो. जागा मोकळीच राहू द्या. रोज झाडून-पुसून होईल आणि वाळवी लागली तर पहिल्या दिवशी दिसेल. हिवाळ्याचे कपडे वरच्या खोलीत, दिवाणात.